पहिलं बिल भरलं म्हणजे उपकार झाले का?

गेल्या महिन्यात आमच्या आळीतला एक सेंट्रिंग कामगार कराडजवळच्या एका बांधकामावर परांचीवरून खाली पडला. कंबर मोडली. ठेकेदारानं दवाखान्याचं पहिलं बिल भरलं, वर वीस हजार दिले आणि ‘पुढं काही मागणार नाही’ अशा कागदावर सही घेतली. भेटायला गेलो तर त्याची आई म्हणाली, “भला माणूस हाय बघा. न्हायतर कोण देतंय?”

त्या माऊलीला तिथं काही बोलता आलं नाही. म्हणून इथं लिहितोय.

ही गोष्ट १४० वर्षं जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या सातारा भागातली हजारो माणसं राबत होती. यंत्रात हात गेला की पगार बंद, गावाकडची वाट धरायची. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे म्हणजे महात्मा फुल्यांचे सहकारी, आणि फुल्यांचं मूळ गाव आपल्याच खटाव तालुक्यातलं कटगुण. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना माहीत आहे. ती १८९० मध्ये मिळाली. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा.

या दुसऱ्या मागणीला कायदा व्हायला ३९ वर्षं लागली. तोवर चूक मालकाची होती हे कामगारानंच कोर्टात सिद्ध करायचं. हातावर पोट असलेला माणूस कुठलं सिद्ध करणार? १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला आणि हे ओझं उतरलं. चूक कुणाची हा प्रश्नच मागे पडला. काम करताना, कामामुळे इजा झाली, एवढं पुरे.

तरी एक फट राहिली. रोज वेगवेगळ्या पेढीवर पोती उचलणाऱ्या हमालाचा मालक कोण? ही लढाई आपल्या शेजारच्या पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील लढले. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालांची मंडळाकडे नोंदणी सुरू झाली आणि नोंदीत हमालांनाही भरपाईचा कायदा लागू झाला.

आता आजचं. १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. पण मूळ हक्क तेच आहेत :

– उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानं द्यायचा. म्हणजे ते पहिलं बिल उपकार नव्हतं, आणि दुसरं, तिसरंही त्याचंच.

– अंथरुणाला खिळला असेल त्या काळाची ठरावीक रक्कम, आणि कायमचं अपंगत्व आलं तर वय आणि पगार धरून भरपाई.

– ठेकेदार हात वर करत असेल तर ज्याचं काम चाललंय त्या मुख्य मालकाकडे मागता येते.

– हक्क सोडल्याचा कागद कायद्यापुढे टिकत नाही. सही केली म्हणून सगळं संपलं असं नाही.

– दावा दोन वर्षांच्या आत करायचा. ई.एस.आय. कापला जात असेल तर दावा त्या महामंडळाकडे.

म्हणून कुणी पडलं की आधी दवाखान्यात ‘कामावर पडला’ असं लिहून घ्या. बिलं, हजेरीची वही, मुकादमाचे फोनवरचे मेसेज, सोबत्यांची नावं जपून ठेवा. मग वकील किंवा कामगार संघटना गाठा.

ठेकेदार वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही. आमच्या आळीतला तो कदाचित खरंच भला असेल. पण मोडलेली कंबर कुणाच्या भलेपणावर सोडायची नाही, हे साडेपाच हजार गिरणी कामगारांनी १८८४ लाच सही करून सांगितलंय. उद्या त्या माऊलीकडे पुन्हा जाणार आहे. तिला एवढंच सांगायचंय : आई, हे तुमचंच आहे.