घाटाचा राजा

मुंबई-पुणे सायकल शर्यतीतला एक मान पुण्याच्या कितीतरी अलीकडे ठरतो. खोपोली सोडून जो सगळ्यांत आधी बोरघाट चढून जातो, तो 'घाटाचा राजा'. शर्यत सुमारे दीडशे किलोमीटरची आणि घाट हा तिच्यातला लहानसा तुकडा. तरीही त्याच्यासाठी वेगळा किताब ठेवावासा वाटला, आणि तो अगदी योग्य आहे.

सपाटीवर सायकलस्वाराचं मुख्य भांडण वाऱ्याशी असतं. पुढच्याच्या आडोशाने मागचा बरीच ताकद वाचवतो, म्हणून पनवेलच्या बाजूला सगळा घोळका एकत्र पळताना दिसतो. खोपोलीनंतर मात्र वेग उतरतो आणि आडोशाचा उपयोग फारसा उरत नाही. आपलं आणि सायकलचं वजन प्रत्येकाने आपल्याच मांड्यांवर वर न्यायचं. चारशे मीटरहून अधिक उंची अशी कमवावी लागते. घोळका फुटतो तो इथे.

चढाची वेगळी शर्यत ही कल्पना बरीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये कॅटफर्ड क्लबची टेकडीवरची शर्यत 1887 साली सुरू झाली. 'टूर द फ्रान्स'ने डोंगरांतल्या कामगिरीचा स्वतंत्र हिशेब 1933 मध्ये ठेवला आणि पहिला मान स्पेनच्या व्हिसेंते त्रुएबाला मिळाला. गडी छोट्या चणीचा. त्या शर्यतीतला एकही टप्पा त्याने कधी जिंकला नाही, पण चढावर तो भल्याभल्यांना मागे टाकायचा. डोंगरांतल्या अव्वल स्वाराचा लाल ठिपक्यांचा प्रसिद्ध सदरा आला 1975 साली.

आपल्या राजाचं कूळ मात्र मला सायकलीपेक्षाही रस्त्यात दिसतं. बोरघाटातून देश आणि कोकण यांच्यात शतकानुशतकं माल गेला, तो बैलांच्या पाठीवरून. माणसं पायी किंवा पालखीतून जात. 1804 मध्ये इंग्रज सेनानी वेलस्लीच्या काळात तोफांसाठी वाट सुधारली गेली. गाड्यांचा खरा रस्ता झाला तो 1830 साली. त्या वर्षी 10 नोव्हेंबरला गव्हर्नर जॉन माल्कम यांनी तो खुला केला. भरलेली गाडी ओढताना बैलांची छाती फुटू नये म्हणून रस्त्याला वळणं घालावी लागतात, चढ लांबवावा लागतो. बैलाला झेपेल असा चढ माणसाच्या पायांनाही झेपतो. सरळ उभ्या पायवाटेवर सायकलची शर्यत कधीच झाली नसती.

घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते स्थान. बक्षीस म्हणून त्याने स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घातली गेली, अशी आख्यायिका सांगतात. एसटीतून जाणारे तिथे नाणं टाकतात. घाटाच्या राजाची गोष्ट सांगताना या धनगराला वगळणं मला बरोबर वाटत नाही.

पुण्याच्या पोरांना चढाची सवय घरूनच असते. कात्रज, दिवे, बोपदेव, सिंहगड. शहरातून दक्षिणेकडे निघा, तासाभरात चढ लागतोच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव आहे, म्हणून बोरघाटातला जुना रस्ता सायकलस्वारांसाठी जपायला हवा. जानेवारी 2026 मध्ये 'पुणे ग्रँड टूर'च्या निमित्ताने परदेशी संघही पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर धावून गेले. या मातीत चढाची शर्यत मुरलेली होती, म्हणूनच त्या स्पर्धेला इथे प्रेक्षक मिळाले असं मी मानतो.

रस्ता कोणी, कधी खुला केला हे गॅझेटियरमध्ये सापडतं. त्या रस्त्यावर राजा ठरलेल्यांची आठवण मात्र घराघरांतल्या बिल्ल्यांत, वर्तमानपत्रांच्या पिवळ्या कात्रणांत आहे. तुमच्या घरी असं काही असेल, तर मागे नाव आणि साल लिहा, आणि ते रद्दीत जाऊ देऊ नका.