काखेतलं बारावं मूल

वरळीच्या बीडीडी चाळीत, 160 चौरस फुटांच्या खोलीत आई पाळणाघर चालवायची. एका शनिवारी ती बारा मुलांना घेऊन नेहरू विज्ञान केंद्रात गेली. मदतीला शेजारच्या काकू आणि दहा वर्षांचा मी. परतताना बसस्टॉपवर आईनं मुलं मोजली. अकरा. पुन्हा मोजली. अकराच. समोर डॉ. ई. मोझेस रोडवर गाड्या सुसाट चालल्या होत्या. काकू आल्या वाटेनं मागे धावल्या, मी फुटपाथवर वाकून गाड्यांखाली बघायला लागलो. तेवढ्यात आईच्या खांद्यावरून पेंगुळलेला आवाज आला, "मावशी, शू आली."

बारावं मूल तिच्या कडेवरच होतं.

काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणून चाळ बरेच दिवस हसली. आई हसली नाही. त्यानंतर तिनं मुलांना आकड्यानं मोजणं सोडलं आणि नावानं हाक मारून मोजायला लागली.

पुढे गिरणगावातल्या बायकांबद्दल वाचताना ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवत राहिली. मूल सुरक्षित ठेवायचं म्हणजे काय, याचं उत्तर या भागात शंभर वर्षांत कसं बदलत गेलं, ते बघा.

1920 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारनं डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांना गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं. त्यांना दिसलं की कामावर जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्या बाळांना अफू देऊन निजवतात. त्यात क्रूरपणा नव्हता, नाइलाज होता. पाळी चुकवली तर मजुरी बुडणार, आणि जागं मूल रांगत कुठे जाईल याचा नेम नाही. म्हणजे सुरक्षित मूल कोणतं? जे हलत नाही ते.

मग कायदा आला. 1934 च्या फॅक्टरी कायद्यानं प्रांतिक सरकारांना पाळणाघराची सक्ती करण्याचा अधिकार दिला. 1948 च्या कायद्याच्या कलम 48 नं पन्नासहून जास्त बायका असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली बंधनकारक केली. 1976 मध्ये हा आकडा तीसवर आला. खोली पुरेशी मोठी, उजेडाची, हवेशीर आणि स्वच्छ हवी, तिथे प्रशिक्षित बाई हवी, असं कलम सांगत होतं. अफूच्या जागी उजेडाची खोली आली, ही लहान गोष्ट नव्हती. बाहेर पट्टे, चक्रं, कापसाची धूळ असताना भिंत हीच सुरक्षा होती.

पण या कलमात खोली होती, रस्ता नव्हता. 'पाळणाघर' हा शब्दच बघा ना. पाळण्यात मूल झोपतं. ते उठून चालायला लागलं आणि 'बाहेर ने' म्हणालं, तर काय करायचं?

भिंतीबाहेरचं उत्तर वरळीपासून लांब, डहाणूजवळच्या कोसबाडला सापडतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केलं आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणात गेली. तिलाच कुरणशाळा म्हणतात. तिथे ना दार, ना कडी. मूल कुठे आहे हे कळायचं, ते बाईला मूल ओळखीचं असायचं म्हणून.

मुंबईतलं मूल मात्र कुरणात नाही, रहदारीत बाहेर पडतं. वरळीत 1979 या आंतरराष्ट्रीय बालवर्षात नेहरू विज्ञान केंद्राची विज्ञानबाग उघडली, 1985 मध्ये मुख्य इमारत आली. आसपासच्या बालवाड्यांना आणि पाळणाघरांना हक्काची सहल मिळाली. सहलीची रीत बायकांनी आपली आपणच घडवली. आईची रीत आगगाडीची होती. प्रत्येकानं पुढच्याच्या सदऱ्याचं टोक धरायचं, इंजिन एक मोठं माणूस, शेवटचा गार्डचा डबाही मोठंच माणूस. मुलांना तो खेळ वाटायचा.

2018 मध्ये केंद्र सरकारनं पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई, त्यावरच्या वयाच्या वीस मुलांमागे एक आणि सोबत मदतनीस. खोलीत हे प्रमाण चालून जाईल. रस्त्यावर मात्र एका बाईला हात दोनच असतात. वीस मुलांचा हिशोब तिथे बसतच नाही.

हिशोब चुकला की काय होतं, ते 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात दिसलं. शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. मुलं मोजली असतीलही. पण बोटीतल्या जागा, जॅकेटं, सोबतची मोठी माणसं, हेही मोजायचं असतं.

अशा बातमीनंतर सहलीच बंद करा, अशी मागणी होते. मला ती भीती कळते. बसस्टॉपवरची ती दोन मिनिटं मी विसरलेलो नाही. पण सहल बंद करणं म्हणजे 'जे हलत नाही ते सुरक्षित' या जुन्या उत्तराकडे परत जाणं. आईनं पुढच्याच महिन्यात मुलांना पुन्हा बाहेर नेलं. फक्त या वेळी मोठी माणसं तीनाऐवजी चार होती, मला त्यात धरलं नव्हतं, आणि कुणाच्याही कडेवर मूल नव्हतं.

तुमच्या भाच्याच्या किंवा लेकीच्या पाळणाघरातून व्हॉट्सॲपवर सहलीची परवानगी मागणारा मेसेज आला, तर 'ओके'चा अंगठा दाबण्याआधी तीन गोष्टी विचारा. मोठी माणसं किती? रांगेत सगळ्यात शेवटी कोण? आणि मुलं आकड्यानं मोजणार, की नावानं?