ठळक खिळे व पोथीची शाई

पोथींतील अध्यायसमाप्ति व दंड लेखक पुष्कळदां तांबड्या शाईनें दाखवीत. छापखान्यांत दुसरा रंग म्हणजे दुसरी छपाई. म्हणून तें काम ठळक खिळ्यांकडे आलें, असें आम्हांस वाटतें. जावजी दादाजी यांनीं इ. स. १८६४ मध्यें मुंबईस खिळे ओतण्याचा कारखाना व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला.

नागरी अक्षराची जाडी तिरकस कापलेल्या बोरूची आहे. ती वाढविली कीं 'ध' व 'भ' यांच्या माथ्यावरील फट बुजते आणि 'घ' व 'म' वाचले जातात. म्हणून असे खिळे मोठ्या मापांत, मथळ्यासच योग्य.

इंदुप्रकाश छापखान्याच्या तुकारामगाथेस (१८६९, १८७३) देहू, तळेगांव, कडूस व पंढरपूर येथील वह्यांचा आधार होता. पैकीं पहिलीं तीन गांवें आजच्या पिंपरी-चिंचवड व चाकण कारखानदारी पट्ट्याच्या परिसरांतील होत. अशा वह्यांतील शाईचा भेद छापील प्रतींत उतरत नाहीं. आणि छापील मथळ्याचा ठळकपणा हा मुद्रकाचा, मूळ लेखकाचा नव्हे. सबब संग्राहकांनीं सूचींत पृष्ठसंख्येबरोबर शाईही नोंदवावी, अशी आमची विनंति आहे.