स्कॅनर ड्रायव्हर

स्कॅनर ड्रायव्हर ही स्कॅनर आणि संगणकाची कार्यप्रणाली यांच्यात दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली होय. घरगुती बिनतारी प्रिंटरमध्ये छपाई आणि स्कॅनिंग या दोन स्वतंत्र सेवा असतात. त्यामुळे संगणक किंवा कार्यप्रणाली बदलल्यावर छपाई सुरळीत राहूनही स्कॅनिंग बंद पडू शकते. असा दोष बहुधा यंत्रात नसून जोडणीत असतो.

मानके

'ट्वेन' हे मानक १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. मायक्रोसॉफ्टने २००० साली विंडोजमध्ये 'विंडोज इमेज अ‍ॅक्विझिशन' ही व्यवस्था आणली. लिनक्सवर 'सेन' वापरले जाते. 'ई-एससीएल' या अलीकडच्या मानकामुळे उत्पादकाच्या ड्रायव्हरशिवाय वायफायवरून स्कॅन करता येते.

बंद पडण्याची कारणे

* ३२-बिट विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाही आणि विंडोज ११ केवळ ६४-बिट आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. मॅकओएस कॅटलिना (२०१९) या आवृत्तीपासून ३२-बिट उपयोजने चालत नाहीत.
* कार्यप्रणाली आपोआप बसवते तो सर्वसाधारण ड्रायव्हर अनेकदा फक्त छपाईपुरता असतो.
* राउटरने प्रिंटरला नवा आयपी पत्ता दिलेला असतो, किंवा संगणकाने घरचे वायफाय 'सार्वजनिक' मानल्याने फायरवॉल स्कॅनरला अडवते.

निदान व उपाय

प्रथम संगणकाविना यंत्रावरच कागदाची प्रत काढून पाहतात. ती नीट निघाल्यास स्कॅनरचा दिवा, काच व संवेदक कार्यरत असतात. त्यानंतर त्याच वायफायवरील मोबाइलमधून स्कॅन करतात. ते जमल्यास दोष संगणकातील मांडणीत असतो. तेव्हा प्रिंटरची जुनी नोंद काढून उत्पादकाच्या संकेतस्थळावरील संपूर्ण संच बसवतात, वायफाय 'खासगी' ठरवतात आणि गरजेनुसार आयपी पत्ता हाताने भरतात. बिनतारी जोडणी जमत नसल्यास यूएसबी केबलने पडताळणी होते.

उत्पादकाने नवा ड्रायव्हर काढलेला नसल्यास 'व्ह्यूस्कॅन' हे अनेक जुन्या स्कॅनरांना चालणारे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. काही यंत्रांत थेट पेन ड्राइव्हवर किंवा ई-मेलने स्कॅन पाठवण्याची सोय असते.

महाराष्ट्रातील संदर्भ

'आपले सरकार' संकेतस्थळावर जात, उत्पन्न इत्यादी दाखल्यांच्या अर्जासोबत कागदपत्रांच्या स्कॅन प्रती जोडाव्या लागतात. २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथील मराठा आरक्षण आंदोलनानंतर मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदींचा शोध घेण्यात आला आणि सापडलेल्या नोंदींच्या स्कॅन प्रती जिल्हा संकेतस्थळांवर उपलब्ध झाल्या. जुने, जीर्ण कागद सपाट काचेवर ठेवून स्कॅन करणे सुरक्षित असते. कागद आपोआप ओढून घेणाऱ्या यंत्रणेत ते फाटण्याचा धोका असतो. त्यामुळे ड्रायव्हरअभावी निकामी भासणारा सपाट काचेचा घरगुती स्कॅनर टाकून देण्यापूर्वी वरील पडताळणी उपयुक्त ठरते.