कराची ते जुहू : अंतराचे माप

किकवीच्या एस.टी. थांब्यावर 'पुणे किती लांब?' असे विचारले, तर किलोमीटरचा आकडा क्वचितच ऐकू येतो. 'तास-दीड तास धरा,' असे उत्तर मिळते. आपल्या भाषेची ही रीत जुनीच आहे. 'मजल' म्हणजे एका दिवसात उरकणारी वाट. अंतर मोजायचे ते चालणाऱ्याच्या कुवतीने. विमानाच्या प्रवासालाही आपण हेच माप लावतो. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. पण आपण सांगतो, 'पंधरा-सोळा तास.'

या मापाने पाहिले तर जग जवळ आले, यात शंका नाही. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत १० जूनला लंडनला उतरले. महिन्यांचे दिवस झाले आणि पुढे दिवसांचे तास झाले. विमानप्रवासाचा इतिहास बहुधा असाच, एका दिशेने सांगितला जातो.

आम्हांला मात्र याच इतिहासाच्या पहिल्या पानाशी थांबावेसे वाटते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी एका इंजिनाच्या 'पस मॉथ' विमानातून कराचीहून टपाल आणले. ते सकाळी निघाले, वाटेत अहमदाबादला उतरले आणि दुपारी जुहूच्या धावपट्टीवर पोहोचले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. लंडनहून कराचीपर्यंत विमानाने येणारी पत्रे या मार्गाने पुढे जाऊ लागली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ साली. तेथे मराठी माणसांचा वावर होता. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणतज्ज्ञाच्या नावाची शाळा त्या शहरात आजही उभी आहे.

कराची आणि मुंबई यांच्यातील सरळ अंतर सुमारे नऊशे किलोमीटर. आजच्या जेट विमानाला दीड तास पुरावा. परंतु आज या दोन शहरांमध्ये थेट प्रवासी विमान नाही. एप्रिल २०२५मध्ये तर दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांसाठी आपापले आकाश बंद केले. कराचीहून दुबईमार्गे मुंबईला यायचे ठरवले, तर वाट तीन हजार किलोमीटरांहून अधिक होते. शिवाय व्हिसा मिळेपर्यंतचे दिवस कोणत्याही वेळापत्रकात धरलेले नसतात. १९३२ साली छोट्या विमानाने अर्ध्या दिवसात तोडलेली मजल आज त्याहून लांबली आहे.

न्यूयॉर्क जवळ आले आणि कराची दूर गेली, या दोन्ही गोष्टी एकाच शतकात घडल्या. यंत्राचा वेग वाढला की अंतर घटतेच, हे गृहीतक म्हणून तपासून घ्यावे लागते. आपण विद्यार्थ्यांना प्रवासवर्णने शिकवताना लेखक कोठे गेला, काय पाहिले, एवढेच विचारतो. त्याला तेथे जाण्याची मुभा कोणी दिली, आणि ती वाट पुढे कोणासाठी बंद झाली, हेही विचारायला हवे. किकवीच्या थांब्यावरचा माणूस तासांत उत्तर देतो, तेव्हा रस्ता उघडा आहे हे त्याने न बोलता धरलेलेच असते.