बधिर पायांची गोष्ट

कविसंमेलनात तासभर मांडी घालून बसलो की माझ्या पायांना मुंग्या येतात. चार पावले टाकली की जातात. दबलेली शीर मोकळी होते. पण अम्मीच्या पायातली चप्पल निसटली, तिला कळलेच नाही, तेव्हा ‘वय झाले’ म्हणून आम्ही हसलो. तो मधुमेह होता. तळपायाला जखम होईपर्यंत आम्ही थांबलो.

बधिर पायांनी जाणत्यांनाही चकवले आहे. एकोणिसाव्या शतकात जावा बेटावर बेरीबेरीने सैनिकांचे पाय बधिर होत, लुळे पडत. डच डॉक्टर आइकमान जंतू शोधत होते. १८९० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्याही लंगडू लागल्या आणि पुढे आपोआप बऱ्या झाल्या. त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला, पॉलिश केलेल्या तांदळाचा भात मिळत होता. नव्या आचाऱ्याने तो बंद केला होता! तांदळाच्या कोंड्यातच मज्जातंतूंचे पोषण होते, हे १९०१ मध्ये ग्राइन्स यांनी ओळखले. तेच आजचे ब-१ जीवनसत्त्व. आइकमान यांना १९२९ चे नोबेल मिळाले.

आज मधुमेह, ब-१२ ची उणीव, मणक्यातली सरकलेली चकती, दारू, कुष्ठरोग ही कारणे ठाऊक आहेत. बधिरपणा रेंगाळला, वाढला, वा चट्ट्यावर स्पर्श कळेना, तर डॉक्टरांना दाखवा. एकाएकी एका बाजूचे हातपाय बधिर झाले, किंवा बधिरपणासोबत लघवीवरचा ताबा सुटला, तर तडक इस्पितळ गाठा.

आणि घरात कुणाची चप्पल नकळत निसटली, तर हसू नका.