पाटल्या आणि युनिटे

या खेपेस संपादिकाबाईंनी 'जुन्या काळचे काही लिहा' अशी गळ घातली, तेव्हा मला सासूबाईंच्या पाटल्या आठवल्या. आपल्या देशातील बचतीचा थोडासा इतिहासही त्या पाटल्यांत गुंतलेला आहे.

मामंजी एका पेढीत कारकून होते. पेन्शन नव्हते. म्हातारपणाची तरतूद म्हणजे पोस्टाचे पुस्तक, विम्याची एक पॉलिसी आणि सासूबाईंच्या अंगावरचे सोने. पोस्टाची बचत बँक 1882 पासूनची. विम्याचा धंदाही 1956 साली सरकारने आपल्या हाती घेतला होता. त्यामुळे त्या दोहोंविषयी घरात मतभेद नव्हता. वाद होता तो सोन्याचा.

चीनच्या आक्रमणानंतर, जानेवारी 1963 मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणले. 14 कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यास बंदी झाली. कित्येक सोनारांची शेगडी विझली. ही अट 1966 साली उठली. पण 1968 साली नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला व तो 1990 पर्यंत राहिला.

याच सुमारास, जुलै 1964 मध्ये, युनिट ट्रस्टची युनिटे विक्रीस आली. एका युनिटची दर्शनी किंमत 10 रुपये. लहान बचतदारांचे पैसे एकत्र करून ते शेअर्स व कर्जरोख्यांत गुंतवायचे आणि लाभांश वाटून द्यायचा, अशी योजना. मामंजी हरखून गेले. म्हणाले, "सोने व्याज देत नाही. मोडायला गेलीस की घडणावळ बुडते, वर घट धरतात ती निराळीच. पाटल्या मोडू आणि युनिटे घेऊ."

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पाटल्या माझ्या हातात आहेत. तुमचे कागद कोणाच्या हातात असतील?"

हा प्रश्न वरवर साधा, पण मर्माचा होता. स्त्रीधनावर स्त्रीचीच पूर्ण मालकी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली निःसंदिग्ध सांगितले. सासूबाईंना ते आधीच ठाऊक होते!

चार दिवस अबोल्यात गेले. मग तोडगा निघाला. असलेले सोने मोडायचे नाही. नवे करायचे नाही. वर्षाची शिल्लक निम्मी पोस्टात, निम्मी युनिटांत. प्रत्येक कागद दोघांच्या नावे, आणि सगळ्याची नोंद सासूबाईंच्या हातच्या वहीत. मामंजी 1979 साली गेले. ती वही होती म्हणून सासूबाईंना कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागले नाही.

आम्ही मात्र हा धडा विसरलो. निवृत्ती जवळ आली तेव्हा ह्यांनी मला न विचारता गावाबाहेरच्या एका भूखंडासाठी इसार दिला. तो बुडाला. पैसे गेले, त्याहून अधिक दुःख मला कळले नाही याचे झाले. त्या रात्री मी कपाटातून सासूबाईंची वही काढून ह्यांच्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी ह्यांनीच नवी वही आणली.

दोघांपैकी कोणाचे बरोबर होते? इतिहासाने दोघांनाही थोडे थोडे माप दिले. 1991 च्या अडचणीत देशालासुद्धा सोने गहाण ठेवावे लागले, तेव्हा सासूबाईंची आठवण झाली. जुलै 2001 मध्ये त्या पहिल्या योजनेच्या युनिटांची खरेदी-विक्री काही महिने थांबली आणि अनेक निवृत्तांच्या घरी काळजी पसरली. पण मधल्या अनेक वर्षांत त्याच युनिटांनी कित्येक संसारांना हातभार लावला होता, हेही विसरता येत नाही.

म्हणून भगिनींनो, सोने घ्या, रोखे घ्या, युनिटे घ्या. पण सगळे एकाच ठिकाणी ठेवू नका, आणि घ्यायच्या आधी दोघांनी एकत्र बसा. वही दोघांना वाचता येईल अशा अक्षरात असावी. पाटल्या आज माझ्या हातात आहेत. वही आमच्या दोघांच्या.